लमदुआनची तीन दिवसांची फेरी

"सूपमध्ये काय घातलंस?"

"लिंबाची पानं."

"लिंबाच्या पानांनी माणूस तीन-तीन थाळ्या भात मागतो?"

"झाड चांगलं असलं तर मागतो."

लमदुआनची माझी पहिली आठवण ही अशी आहे. मी एकोणीस वर्षांचा होतो आणि नोंगखायहून बँकॉकला जाणाऱ्या गाडीच्या जेवणाच्या डब्यात वाढपी म्हणून त्याच दिवशी लागलो होतो. ती एकतीस वर्षांची, त्या डब्याची स्वयंपाकीण. समोर आमचा मुकादम, घामाने निथळत. त्याने पातेल्यात नाक घातलं, एक चमचा चाखला, मग दुसरा चाखला, आणि "पुन्हा असं दिसता कामा नये" असा दम भरत तिसरा तोंडात घालून निघून गेला.

"बघितलंस ना?" ती मला म्हणाली. "रागावलेल्या माणसालाही भूक असते. जा, पाच नंबरच्या टेबलावर दे हे."

पानं अर्थात गांजाची होती. तिच्या गावी, फू फानच्या डोंगराखालच्या बान हुआयसाईत, कोंबडीच्या रश्श्यात दोन कोवळी पानं टाकायला कुणाची परवानगी लागत नसे. न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली चार-सहा झाडं प्रत्येक परसात असत. बाळंतिणीला भूक लागावी म्हणून, म्हाताऱ्याला झोप यावी म्हणून, आणि संध्याकाळी शेतावरून आल्यावर बांबूच्या नळीतून दोन झुरके मारावेत म्हणून. मग कायदा कडक झाला. लमदुआन तेव्हा एकवीस वर्षांची. तिच्या बापाने एका सकाळी परसातली सगळी झाडं स्वतःच्या हातांनी उपटली. "त्या सकाळपर्यंत माझा बाप बाप होता," ती सांगायची. "दुपारी घरात एक म्हातारा येऊन बसला." पुढच्या वर्षी तिने घर सोडलं आणि रेल्वेच्या ठेकेदाराकडे नोकरी धरली.

मी तिला उआय म्हणायचो. आमच्याकडे थोरल्या बहिणीला उआय म्हणतात. मला सख्खी बहीण नव्हती, आणि तिला मी नसतो तर ऐकून घेणारं दुसरं कुणी नव्हतं.

स्वयंपाकघराला एकच खिडकी होती. त्या खिडकीतून सगळा मुलूख आडवा पळताना तिने पस्तीस वर्षं पाहिला. एवढं फिरून बाई थकेल असं कुणालाही वाटेल. पण सुट्टी लागली की ती नोकरीचा पास खिशात घालून दुसऱ्याच गाडीत बसायची. कधी उत्तरेला, कधी थेट दक्षिणेच्या टोकाला. नाव आवडलं त्या स्टेशनवर उतरायचं, बाजारात काय शिजतंय ते खायचं, नदी असेल तर तिच्या काठी बसून एक विडी ओढायची, आणि परतीची गाडी धरायची. आली की मला सगळं सांगायची. कुठल्या गावी फणसाची भाजी कशी करतात, कुठल्या गावचा गांजा घशाला लागतो आणि कुठला नाही.

"उआय, तुला पकडतील एक दिवस."

"पकडून कुठे नेतील? दुसऱ्या गावालाच ना? मग झालं तर."

तिच्या नवऱ्याला हे झेपलं नाही. भातगिरणीत मेकॅनिक होता, शांत माणूस. "तुझं घर रुळांवर आहे, तिथे मला जागा नाही," म्हणाला आणि एका शिंपिणीबरोबर रायोंगला गेला. मुलगी, सावानी, आजीकडे गावात वाढली. आई महिन्यातून दोनदा यायची, खाऊ आणायची, कपड्यांना धुराचा वास असायचा. सावानीला तो वास चुलीचा नाही हे बारा-तेरा वर्षांची असतानाच कळलं. ती शिकली, उदोनला शाळेत शिक्षिका झाली, आणि आईविषयी कुणी विचारलं तर "रेल्वेत होती" एवढंच सांगू लागली.

मग नवे डबे आले. त्यांत चूल नव्हती; बंद डब्यातलं जेवण गरम करून द्यायचं. लमदुआन अठ्ठावन्न वर्षांची होती. ठेकेदाराने निरोप समारंभ केला, तिला भिंतीवरचं घड्याळ दिलं. तिने ते फलाटावरच एका हमालाला देऊन टाकलं.

गावी तिचा जीव रमेना. सहा वर्षं ती तळ्याभोवती फेऱ्या मारत होती, हे मी अतिशयोक्ती करून सांगत नाही. सकाळी सात, संध्याकाळी सात. गावातली माणसं तिला बघून म्हणत, "एक्सप्रेस आली." ती हसायची. पण मी भेटायला गेलो की म्हणायची, "लर्त, बसून बसून माझ्या गुडघ्यांना गंज चढला."

आणि त्या जूनमध्ये गांजाची बंदी उठली.

तेव्हा मी रेल्वे सोडून नोंगखायला व्हॅन चालवत होतो. पुलापलीकडच्या लाओसमधून बायका खरेदीला येत, त्यांना बाजारात न्यायचं आणि साबणाच्या खोक्यांसकट परत पुलावर सोडायचं. एका सकाळी दार उघडलं तर लमदुआन उभी. चौसष्ट वर्षांची, केस काळे करून आलेली, काखेत एक कुंडी, कुंडीत हातभर उंचीचं झाड.

"हे बसने आणलंस? उघड्यावर?"

"शेजारच्या सीटवर ठेवलं होतं. कंडक्टरने विचारलं, तिकीट कुणाचं काढू, तुझं की याचं?" ती आत येऊन बसली. "ऐक, लेका. तुझी गाडी, माझं तोंड, आणि बापाच्या बियाण्याचं हे झाड, इतकी वर्षं डोंगरात लपवून जगवलेलं. तीन दिवसांची फेरी काढू. मला आयुष्यात दोनच गोष्टी येतात, फिरणं आणि हे. आता दोन्हींना बंदी नाही."

"आणि कोण येणार?"

"ज्यांचे गुडघे दुखतात ते सगळे येतील. या देशात गुडघे थोडे आहेत का?"

आणि लोक आले. मला अजून नवल वाटतं, पण आले. पहिल्या फेरीत बँकॉकच्या चार निवृत्त शिक्षिका होत्या आणि त्यांच्यातल्या एकीचा रुसलेला नवरा. पहिल्या दिवशी मेखोंग नदीच्या काठाकाठाने जायचं, वाळूच्या बेटांवर लोकांनी लावलेल्या भाज्या बघायच्या, मुक्कामाला नदीचा मासा. दुसऱ्या दिवशी डोंगर ओलांडून बान हुआयसाई. तिथे झाडं बघायची, हात लावायचा, वास घ्यायचा, आणि जेवायला तिचा कोंबडीचा रस्सा. तिसऱ्या दिवशी विहारातले म्हातारे वैद्य भिक्खू तेल कसं काढतात ते दाखवायचे. आणि पूर्ण वेळ लमदुआनचं तोंड चालू. कुठल्या स्टेशनात कुणाचं लग्न मोडलं, कुठल्या पुलावर तिच्या हातातून आख्खं पातेलं नदीत गेलं. रुसलेला नवरा दुसऱ्या दिवशी हसायला लागला.

तिचे नियम कडक होते. पोटुशी बाई, तरुण पोरं आणि हृदयाचं दुखणं असलेले यांना फक्त साधा रस्सा. बाकीच्यांना पानाचा रस्सा, एकच वाटी. एकदा एक परदेशी तरुण तिला गांजाच्या जातींची नावं शिकवायला लागला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाळा, तू भात शिजवतोस का?" तो नाही म्हणाला. "मग आधी ते शीक."

दोन मोसम असे गेले. माझ्या आयुष्यातलेही ते चांगले दिवस होते, लपवत नाही. सावानीसुद्धा एकदा शाळेच्या सुट्टीत आली, आईला बारा-पंधरा माणसांचा स्वयंपाक करताना दाराशी उभी राहून बघत राहिली. जाताना आईच्या खांद्यावर हात ठेवला. लमदुआन त्यानंतर आठ दिवस तेवढंच सांगत होती.

गावातल्या बायका कामाला लागल्या. कुणी खोल्या दिल्या, कुणी उशा शिवल्या. याय खाम, म्हणजे खाम आजी, नावाची एक एकाहत्तर वर्षांची म्हातारी होती, एकटी. तिचा तुतीचा मळा होता, सासूच्या हातचा, चाळीस-पन्नास वर्षांचा. त्या पानांवर ती रेशमाचे किडे पोसायची. एक दिवस ती लमदुआनला म्हणाली, "अगं, माझ्या डोळ्यांना आता धागा दिसत नाही. तुती काढून तुझं झाड लावू का?"

मी तिथेच टायर तपासत होतो. लमदुआन जोरात म्हणाली, "लाव, याय, लाव! कंपनीचा माणूस येतोय, जेवढं पिकेल तेवढं घेणार आहे."

"उआय," मी नंतर म्हटलं, "अर्धा मळा ठेवायला सांग."

"तू सदा ब्रेकवर पाय ठेवून चालव," ती म्हणाली.

याय खामने अख्खा मळा उपटला. तुतीची मुळं एवढी खोल गेली होती की ट्रॅक्टर लावावा लागला. कंपनीचा माणूस एकदा आला, झाडांबरोबर फोटो काढले, आणि परत आला नाही. शहरात गल्लोगल्ली दुकानं उघडली होती, बाहेरून चोरून माल येत होता, गावठी पाल्याला कुणी विचारेना. याय खामच्या खांबांवरच्या घराखाली पोती रचली गेली. पावसाळ्यात त्यांना बुरशी लागली. तरी फेऱ्या चालू होत्या, म्हणून लमदुआन म्हणायची, "थांब याय, काहीतरी करते."

त्याच हिवाळ्यात खोनकेनहून एक जोडपं आलं. नवरा प्रसोंग, निवृत्त पोस्टमन, फुफ्फुसाचा कर्करोग, अंगावर शर्ट हँगरला लटकवल्यासारखा. बायको मालिवान. तिने लमदुआनला बाजूला घेऊन सांगितलं, "तीन आठवडे झाले, चार घास पोटात ठरत नाहीत. डॉक्टरांनी हात टेकलेत. मरायच्या आधी त्यांना एकदा पोटभर जेवलेलं बघायचंय."

"हृदय कसं आहे?"

"चांगलं आहे," मालिवान म्हणाली.

प्रसोंग त्या दुपारी जेवला. आधी रस्सा घुटका-घुटका प्याला, मग चिकट भाताचा गोळा बोटांनी दाबून बुडवला, मग दुसरा. मिरचीची चटणी मागितली. तोंडात घास असताना सांगायला लागला की पाऊस पडत असताना पत्रं शर्टाच्या आत ठेवून तो कसा सायकल चालवायचा. मालिवान त्याच्या ताटाकडे बघत होती आणि डोळे पुसत होती. त्याने वाटी पुढे केली. "अजून एक."

"एकच," लमदुआन म्हणाली.

"बाई, मी काही उद्या कामावर जाणार नाही," तो म्हणाला. सगळे हसले. लमदुआनने मालिवानकडे पाहिलं. मालिवानने होकारार्थी मान हलवली. लमदुआनने अर्धी वाटी वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहाराच्या पायऱ्या चढताना तो चौथ्या-पाचव्या पायरीवर बसला. पाणी मागितलं. मी गाडीतून बाटली आणेपर्यंत तो बायकोच्या मांडीवर कलंडला होता. तालुक्याच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा काही उरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. दोन वर्षांपूर्वीही झटका येऊन गेला होता ना? मालिवान जमिनीकडे बघत राहिली. लमदुआन बाकावरून उठली, तिच्या समोर जाऊन उभी राहिली, आणि परत येऊन बसली.

तिसऱ्या दिवशी प्रसोंगच्या मुलाने फोनवर सगळ्या जगाला सांगितलं. लमदुआनचा फोटो, पळीने रस्सा वाढताना हसणारी, आणि वर मोठ्या अक्षरांत: हिने माझ्या वडिलांना गांजा खाऊ घालून मारलं. मी मालिवानला फोन केला. "तुम्ही एक शब्द बोला," म्हटलं. "त्यांना काय हवं होतं, तुम्ही काय सांगितलं होतं, एवढंच."

पलीकडे एक दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "भाऊ, मला मुलाच्याच घरी राहायचंय." आणि फोन ठेवला.

पोलिसांनी दोनदा बोलावलं, जबाब घेतले, सोडून दिलं. गुन्हा असा काही ठरला नाही. पण फेरीला माणूस फिरकेना. ज्यांनी नावं नोंदवली होती त्यांनी काढून घेतली. पहिल्या फेरीतल्या चार शिक्षिकांपैकी एकीने मात्र पत्र लिहिलं, लमदुआनने ते उघडलं नाही. "वाच तू," म्हणाली. मी वाचायला लागलो तर उठून तळ्याकडे गेली, आणि तिथे फेऱ्या न मारता नुसती उभी राहिली.

मी म्हणायचो, "तो जाणारच होता, उआय. पोटभर जेवून गेला."

"अर्धी वाटी मी वाढली."

"बायकोने खोटं सांगितलं."

"तिने खोटं सांगितलं. वाढली मी."

याच्या पुढे ती जायची नाही. मीही थकलो.

पुढच्या जूनमध्ये सरकारने परत दोर आवळला. फूल विकायचं तर डॉक्टरची चिठ्ठी, पिकवायचं तर हा दाखला आणि तो दाखला. एका दुपारी दोन अधिकारी आणि गावप्रमुख आले. गावप्रमुखाने आमच्या फेरीतल्या पाहुण्यांना स्वतःच्या घरी ठेवलं होतं, फोटो काढून घेतले होते. आता तो चपलांकडे बघत बोलत होता.

"लमदुआन, कागद असले तर दाखव. नसले तर... तुला माहीत आहे."

"कागद अर्ध्यात अडकलेत. तूच सही करणार होतास."

"करणार होतो," तो म्हणाला.

तिने वाद घातला नाही. कोयता आणला आणि बापाच्या बियाण्याची झाडं एकेक करून स्वतःच कापली. अधिकारी अवघडून म्हणाले, आजी, आम्ही कापतो. तिने ऐकलं नाही. मग सगळे याय खामच्या मळ्यात गेले. तिथे झाडं आधीच निम्मी वाळलेली होती. याय खाम पायरीवर बसून सुपारी कुटत होती. लमदुआन तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली, हात जोडले, कपाळ जमिनीला टेकवलं. म्हातारी काहीतरी बोलेल, शिव्या देईल, म्हणून आम्ही सगळे थांबलो.

"ऊठ," याय खाम म्हणाली. "जेवलीस का?"

लमदुआन त्या दिवशी रडली. मी तिला पस्तीस वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं. नवरा गेला तेव्हाही नाही.

त्यानंतर तिने ओढणंही सोडलं. कुणी सांगितलं म्हणून नाही. एकदा मी तिच्यासाठी विडी वळून नेली, जुन्या दिवसांसारखं नदीकाठी बसू म्हणून. तिने पेटवली, एक झुरका घेतला, आणि तोंड वाकडं करून वाळूत विझवली.

"बरी नाही का?"

"बरी आहे. त्या पायरीचा वास येतो." थोड्या वेळाने म्हणाली, "लर्त, जोवर लपून ओढत होते तोवर ती माझी होती. मी तिला लोकांसमोर नाचवली." तिचं म्हणणं खरं होतं की नाही, ते मला ठाऊक नाही.

पावसाळा संपता संपता सावानी गाडी घेऊन आली आणि आईला उदोनला घेऊन गेली. लमदुआनने एक पिशवी भरली. मी म्हटलं, स्टेशनावरून जाऊ, तुला गाडी दाखवतो, ती म्हणाली नको. व्हॅन मी आता शाळेसाठी चालवतो. याय खाम दुसऱ्यांच्या शेतात साबुदाण्याच्या कंदाच्या कांड्या लावायला जाते, कमरेत वाकून. मी तुतीची रोपं नेऊन दिली होती. अर्धी जगली. पण तुतीचं पान किड्यांना घालण्याजोगं व्हायला दोन-तीन वर्षं लागतात, आणि ती चौऱ्याहत्तरची झाली आहे. ती रोपांना रोज पाणी घालते, बहुतेक मला वाईट वाटू नये म्हणून.

मी उदोनला दोनदा गेलो. एकसारख्या घरांची वसाहत, प्रत्येक दारापुढे लोखंडी फाटक. पहिल्यांदा लमदुआन टीव्हीसमोर होती, आवाज बंद. पाय सुजलेले. मी नदीचा मासा नेला होता, तिने विचारलं कुठला, मी सांगितलं सांगखोमचा, ती "हं" म्हणाली. मी गावच्या गोष्टी सांगितल्या. मध्येच ती हसली, आणि मला वाटलं, येतेय परत. दुसऱ्यांदा मी म्हटलं, "उआय, चल, एक फेरी मारू. फक्त आपण दोघं. उबोनपर्यंत, नाहीतर कुठेही. तू स्टेशन निवड."

ती माझ्याकडे वळली. "मला नावं आठवत नाहीत रे," म्हणाली.

तीस-पस्तीस वर्षं जी बाई मला झोपेत स्टेशनं म्हणून दाखवायची, ती खोटं बोलत होती की खरंच विसरली होती, मी विचारलं नाही.

सावानी फाटकापर्यंत सोडायला आली. तिने हात जोडून नमस्कार केला, नीट, विद्यार्थी शिक्षकाला करतात तसा.

"काका, रागावू नका," ती म्हणाली. "तुम्ही येऊन गेलात की आई दोन दिवस बोलत नाही. जेवतही नाही. मी शाळेत असते, घरात ती एकटी. तुम्ही नका येत जाऊ."

"ती म्हणाली तसं?"

"नाही. मी म्हणतेय."

मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार? तिची आई आहे, आणि सांभाळतेय तीच. त्यानंतर मी गेलो नाही. महिन्यातून एकदा फोन करतो. लमदुआन फोन घेते, नदीला पाणी किती आहे विचारते, मी सांगतो. पलीकडे पंख्याचा आवाज येत राहतो, आणि थोड्या वेळाने सावानी फोन घेऊन म्हणते, काका, आईला आता पडू द्या.